मोठ्या चाकांची हौस आणि घाटाचा हिशेब

आमच्या हायस्कुलाचे जुने विद्यार्थी सुटीच्या दिवसांत आम्हांस भेटावयास येतात, तेव्हां पूर्वीं ते नोकरीच्या, लग्नाच्या किंवा शेतीभातीच्या गोष्टी बोलत. अलीकडे एक नवाच विषय त्यांच्या तोंडीं ऐकूं येतो. तो म्हणजे गाडीचीं चाकें. कोणी ‘थार’ घेतली आहे, कोणी वडिलांची जुनी जीप दुरुस्त करून रस्त्यावर आणली आहे. आणि ज्याला त्याला वाटतें कीं, कारखान्यानें दिलेलीं चाकें लहान आहेत, तीं काढून थोरलीं घातलीं म्हणजे आपली गाडी खरी डोंगरांतली झाली. या हौसेविषयीं आम्हांस कांहीं बोलावयाचें आहे. आमचा विषय गणित, मिस्त्रीपणाचा नव्हे, हें आम्ही जाणून आहों. परंतु ही गोष्ट निम्मी मिस्त्रीची आणि निम्मी त्रैराशिकाची आहे, आणि त्रैराशिक या मुलांस आम्हींच शिकविलें होतें.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. ज्याला मोठीं चाकें घालावयाचीं आहेत त्यानें आंसांतले दांते बदलण्याचा खर्चही त्याच दिवशीं मनाशीं धरावा, आणि त्याच्याही आधीं ब्रेकांचा विचार करावा. हें ज्याला परवडत नाहीं त्यानें चाकांस हात लावूं नये. पुष्कळांस हें मत जुनाट वाटेल. वाटो.

चारी चाकांना जोर असलेली गाडी ही आमच्या महाड-पोलादपुराकडे चैनीची वस्तु आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. कशेडीस आतां बोगदा झाला आहे आणि हमरस्ता रुंद झाला आहे, हें खरें. परंतु हमरस्ता सोडून कुडपणाकडे, उमरठाकडे किंवा वरंध घाटाच्या अंगाला वळलें कीं जुनाच मुलूख सुरू होतो. आषाढांत तांबडी माती पायाला धरून ठेवते, ओढ्यावरची फरशी दिसेनाशी होते, आणि वाडीवरचें आजारी माणूस खालीं आणावयाचें म्हणजे डोली नाहींतर जीप, तिसरा मार्ग नाहीं. २२ जुलै २०२१ ची आठवण येथें कोणास करून द्यावयास नको. त्या दिवशीं सावित्री आणि गांधारी यांचें पाणी महाडच्या बाजारपेठेंत भरलें होतें आणि तिकडे तळिये येथें डोंगर खालीं येऊन ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व साखर सुतारवाडी येथेंही दरडी कोसळल्या. वाटा बंद झाल्यामुळें तळियेस मोठी मदत पोहोंचावयास दुसरा दिवस उजाडला. अशा मुलुखांत उंच आणि दणकट गाडीची ओढ तरुणांस वाटली तर तिला आम्ही पोरखेळ म्हणणार नाहीं. आमची तक्रार ओढीविषयीं नाहीं, हिशेबाविषयीं आहे.

जी गोष्ट पाहून आम्ही हा लेख लिहावयास बसलों ती आतां सांगतों. आमचा एक जुना विद्यार्थी पोलादपूर तालुक्यांतील एका वरच्या गांवीं राहतो. त्याच्यापाशीं वडिलांच्या वेळची जीप आहे. सकाळीं दुधाचे कॅन, दुपारीं बाजाराचें सामान, आणि रात्रीबेरात्रीं आजारी माणूस, असें सर्व कांहीं ती वाहते. त्याच्या जीपचीं चाकें २८ इंच व्यासाचीं होतीं. एका मोठ्या शहरांतल्या दुकानांतून त्यानें ३३ इंचांचे चार टायर आणले. ते बसावेत म्हणून पाट्याखालीं ठोकळे घालून गाडी उंच केली. “बाकी कांहीं करावें लागेल काय?” असें त्यानें दुकानदारास विचारलें होतें. “कांहीं होत नाहीं, बिनधास्त चालवा,” असें उत्तर मिळालें.

पहिला महिना मोठ्या आनंदाचा गेला. दगडधोंड्यांवरून गाडी सहज जाई. चढावर ती पूर्वींपेक्षां लवकर दमते, जेथें दुसऱ्या गिअरवर जात होती तेथें पहिला लावावा लागतो, एवढें त्याच्या ध्यानांत आलें होतें. पण तो दोष त्यानें म्हाताऱ्या इंजिनाच्या माथीं मारला. पुढें श्रावणांत एके दिवशीं आम्ही कांहीं कामानिमित्त त्याच्या गांवीं गेलों होतों. परततांना गाडींत आमच्यासह सहा माणसें होतीं, आणि त्यांत तापानें फणफणलेली एक बाई होती. निम्मा उतार संपला तों करपल्याचा वास येऊं लागला. आणखी दोन वळणें झालीं आणि त्याचा पाय ब्रेकवर पार तळापर्यंत गेला. गाडी मात्र चाललीच होती. त्यानें डोकें शांत ठेवलें. गिअर खालचा टाकला, हातब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या गटारांत चाकें उतरवून गाडी कशीबशी थांबविली. दुसऱ्या अंगाला काय होतें तें सांगावयास नको. अर्धा तास आम्ही सर्वजण पावसांत उभे होतों. बाईंच्या अंगावर कोणी घोंगडी धरली होती. तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, “सर, ब्रेक परवांच बघितले होते. लायनर चांगले आहेत.” तो खोटें बोलत नव्हता. लायनर चांगलेच होते. हिशेब चुकला होता.

तो हिशेब असा. इंजिनाकडून येणारा दांडा मागच्या आंसाच्या पेटींत शिरतो. तेथें त्याच्या टोकाला एक लहान दांतेरी चाक असतें, तें पिनियन; तें एका थोरल्या दांतेरी चकतीला फिरवितें, तिला आमचे मिस्त्री क्राउन म्हणतात. क्राउनला ४१ दांते आणि पिनियनला १० असले तर दांड्याचे ४.१० फेरे होतील तेव्हां गाडीचें चाक एकदां फिरेल. फेरे घटतात त्याच प्रमाणांत जोर वाढतो. आतां २८ इंच व्यासाच्या चाकाचा परीघ बावीस सप्तमांशानें ८८ इंच येतो. म्हणजे एक किलोमीटर जावयास त्याला सुमारें ४४७ फेरे लागतात. ३३ इंचांच्या चाकाला लागतात सुमारें ३८०. म्हणून पहिल्या चाकांवर एका किलोमीटरास दांडा सुमारें १८३० वेळां फिरत असे, तो नव्या चाकांवर १५६० वेळांच फिरतो. याचा अर्थ, गाडीचे सर्वच गिअर एकदम चढे झाले. कोणीं दांत्यांना हात लावला नाहीं, तरी ४.१० चें प्रमाण जणूं ३.४८ झालें. त्याच्या इंजिनाला म्हातारपण आलें नव्हतें. त्याच्या खांद्यावर लांब काठीच्या टोकाला बांधलेलें ओझें दिलें होतें.

हें बिघडलेलें प्रमाण पूर्ववत् करावयाचें तर ४.१० ला ३३ नें गुणून २८ नें भागावें. उत्तर ४.८३ येतें. अगदीं तेवढ्या दांत्यांची जोडी मिळत नाहीं, कारण दांता अर्धा करतां येत नाहीं. परंतु ३९ आणि ८ दांत्यांची जोडी प्रसिद्ध आहे, तिचें प्रमाण ४.८८ भरतें. ती बसविली म्हणजे दांडा पुन्हां किलोमीटरास साडेअठराशेंच्या आसपास फेरे घेऊं लागतो, आणि गाडी आपल्या मूळ स्वभावावर येते. दोन प्रमाणांमध्यें निवड करावयाची असेल तर आमच्या मुलुखासाठीं आम्ही नेहमीं किंचित् खोल प्रमाणाकडे झुकूं. सपाट हमरस्त्यावर तेलाचा थोडा खर्च वाढेल तो वाढो. मात्र खोलीलाही मर्यादा आहे. प्रमाण खोल करावयाचें तर पिनियनचे दांते कमी करावे लागतात, पिनियनचें डोकें लहान होतें, आणि लहान डोक्यावर तोच भार आला कीं दांते मोडण्याचें भय वाढतें.

येथें जीपच्या इतिहासांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धांत विलिस कंपनीनें सैन्याला जी जीप दिली तिच्या आंसाचें प्रमाण ४.८८ होतें. युद्ध संपतांच १९४५ मध्यें त्याच कंपनीनें शेतकऱ्यांसाठीं जीप काढली. टायर तोच, सहा इंच रुंदीचा आणि सोळा इंची रिमाचा. तरी त्यांनीं आंसाचें प्रमाण ५.३८ केलें आणि हलक्या गिअरच्या पेटीचें प्रमाणही १.९७ वरून २.४३ वर नेलें. पहिला गिअर आणि ही पेटी लावली असतां सैन्याच्या जीपमध्यें इंजिनाचे पंचविसांवर फेरे झाले कीं चाकाचा एक फेरा होई. शेतकऱ्याच्या जीपमध्यें छत्तिसांवर फेरे लागत. नांगर ओढावयाचा आहे एवढें कळतांच कारखानदारांनीं चाक मोठें केलें नाहीं, दांते बदलले. मुंबईंत महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं विलिस जीपचें काम हातीं घेतलें आणि तोच वंश आमच्या घाटांत आला. आज ज्यांना ‘थार’चा अभिमान वाटतो त्यांनीं आपल्या गाडीच्या या आजोबांचें शहाणपण पाहावें.

चढाविषयीं एवढें पुरे. चढावर गाडीची उणीव लगेच कळते आणि चालविणाऱ्याची फार तर फजिती होते. उताराचें तसें नाहीं. पोलादपुराहून महाबळेश्वरापर्यंत आंबेनळीचा घाट चाळीसएक किलोमीटरांत सुमारें तेराशें मीटर चढतो. दोन टन वजनाची भरलेली जीप तेवढी खालीं उतरते तेव्हां तिच्या वजनांतून निघणारी उष्णता ऐंशी लिटर गार पाण्याला उकळी आणावयास पुरेल इतकी असते. नववीच्या मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. आकडे वर दिलेच आहेत. ही सगळी उष्णता कोठेंतरी जावयास हवी. कांहीं वारा घेतो, कांहीं खालच्या गिअरवर रेटलेलें इंजिन घेतें, आणि उरलेली सर्व चार ब्रेकांच्या वाट्याला येते. मोठें चाक घालतांच दोन्हीकडून तोटा होतो. इंजिनाची धरून ठेवण्याची शक्ति घटते, कारण गिअर चढे झालेले असतात; आणि ब्रेकाची पकडही कमी पडते, कारण ड्रम तेवढाच राहून चाकाची त्रिज्या वाढलेली असते. २८ चे ३३ केले कीं पायाच्या त्याच दाबाला जमिनीवरची पकड सुमारें पंधरा टक्क्यांनीं कमी मिळते. मग पाय अधिक दाबावा लागतो, ब्रेक अधिक तापतो, आणि शेवटीं नळींतलें तेल उकळून त्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. त्या दिवशीं पाय तळाला गेला तो यामुळें. शिवाय वेगाचा कांटाही खोटें सांगूं लागतो. तो चाळीस दाखवितो तेव्हां गाडी सत्तेचाळिसावर असते, आणि हा फरक वळणावर कळतो.

याच घाटांत २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील मंडळींची बस दरींत जाऊन तीस माणसें गेलीं. त्या अपघाताचें कारण आम्ही येथें काढीत नाहीं. तेथें दोष कशाचा होता हा या लेखाचा प्रश्न नव्हे. परंतु त्या वळणांवरून जातांना ज्याला तीं माणसें आठवत नाहींत त्याच्या गाडींत बसावयास आम्ही राजी नाहीं.

मग एवढ्या खटाटोपानें मिळतें काय? पांच इंच व्यास वाढला म्हणजे आंसाची पेटी जमिनीपासून अडीच इंच वर गेली. बस्स, अडीच इंच. ठोकळे घालून गाडी हातभर उंच केली तरी आंस वर जात नाहीं, नुसती बैठक वर जाते आणि वळणावर गाडी अधिक झुकते. त्या अडीच इंचांनीं एखादा धोंडा चुकतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. चिखलाचें मात्र निराळें आहे. आमच्याकडच्या चिखलाखालीं बहुधा वीतभरावर कातळ किंवा मुरूम असतो. जुना अरुंद टायर चिखल कापून त्यावर टेकतो, आणि रुंद टायर वरच्यावर घसरत राहतो. खरी पकड हवी असेल तर टायरांतली हवा थोडी कमी करावी. टायर पसरतो, जमिनीला धरतो, आणि घसरणारी गाडी निमूट वर येते. डांबरी रस्ता लागतांच हवा पुन्हां भरावी, यांत हयगय नको. यासाठीं लागतो एक लहान पंप. तो मोठ्या टायराच्या मानानें फुकट म्हणावा इतका स्वस्त पडतो. पण तो घालून फोटो काढतां येत नाहीं, ही त्याची अडचण आहे.

ज्याला खरोखर मोठ्या चाकांची गरज आहे, त्यानें काय करावें हेंही सांगितलें पाहिजे. नुसता निषेध करून मास्तर मोकळा झाला, असें होऊं नये. पहिली गोष्ट, फरक थोडा असेल तर चिंता थोडी. टायरावरचे आकडे वाचावयास शिकावें. ‘थार’च्या एका टायरावर २५५/६५ आर १८ असें लिहिलेलें असतें, म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम अठरा इंचांचा. बेरीज केली तर व्यास सुमारें ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच येतो. त्याजागीं २८५/७० आर १७ घातला तर ८३१ मिलिमीटर होतात. वाढ पांच टक्क्यांच्या किंचित् वर. नव्या जोरकस इंजिनाला एवढें सोसतें, दांते बदलावयास नकोत. जुन्या जीपला अठरा टक्क्यांची वाढ सोसत नाहीं. मध्यें कोठें रेघ ओढावी याविषयीं मिस्त्री-मिस्त्रींत मतभेद आहेत. आमच्या मतें घाटांत राहणाऱ्यानें ती दहा टक्क्यांच्या बरीच अलीकडे ओढावी.

दांते बदलावयाचेच ठरलें तर दोन्ही आंसांचे एकाच प्रमाणाचे बदलावे. खर्च वांचवावा म्हणून मागच्याच आंसाचे बदलणारे आम्हीं पाहिले आहेत. मग पुढचीं चाकें एका वेगानें फिरूं पाहतात, मागचीं दुसऱ्या. चारी चाकांचा जोर लावला कीं दोन बैलांनीं दोन दिशांना ओढल्याप्रमाणें मधली पेटी पिळवटून निघते. दांते बसविणें हें काम नट आवळण्याचें नव्हे. पिनियन किती आंत असावा, दोन दांत्यांमध्यें फट किती राहावी, हें पातळ पत्र्याच्या चकत्या घालून केसाकेसानें जुळवावें लागतें. आणि क्राउनच्या दांत्यांना रंग लावून फिरवून पाहावें लागतें कीं, घासल्याची खूण दांत्याच्या मध्यावर येते कीं कडेला. जो मिस्त्री रंग न लावतां पेटी बंद करतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊं नये. नवी जोडी पहिले कांहींशें किलोमीटर हलक्या हातानें, ओझ्यावांचून चालवावी आणि मग पेटींतलें तेल बदलावें.

आणि पेटीचा श्वास! याकडे कोणीच पाहत नाहीं. आंसाच्या पेटीला हवा येण्याजाण्यासाठीं एक लहान छिद्र असतें. तापलेली पेटी ओढ्याच्या गार पाण्यांत बुडाली कीं आंतली हवा आकसते आणि त्या वाटेनें पाणी आंत ओढलें जातें. तेल दुधासारखें पांढरें होतें, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत दांते व बेअरिंगें गंजून जातात. छिद्राला एक रबरी नळी जोडून ती वर इंजिनापाशीं नेऊन बांधली म्हणजे भागतें. सावित्रीच्या खोऱ्यांतल्या प्रत्येक जीपला ही नळी असावी, चाकें कितीही इंचांचीं असोत. तथापि नळी लावली म्हणून पुराच्या पाण्यांत गाडी घालूं नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा हमरस्त्यावरचा जुना पूल सावित्रीनें एस. टी. च्या दोन गाड्यांसह नेला. त्या पाण्यापुढें अडीच इंचांची बढाई कोणीं सांगावी?

ब्रेकांविषयीं आम्ही पुन्हां लिहीत नाहीं. त्यांचा क्रम पहिला आहे, एवढें ध्यानांत धरलें तरी पुरें. जड चाकाचा भार सुकाणूच्या सांध्यांवर, चाकांच्या बेअरिंगांवर आणि आंसाच्या अर्ध्या दांड्यांवर पडतो. जुन्या जीपचें जें अंग सर्वांत दुबळें असेल तें सर्वांत आधीं मोडेल, आणि तें बहुधा मिस्त्रीच्या दारांत न मोडतां कुडपणच्या वाटेवर मोडेल.

कायद्याचा मुद्दा थोडक्यांत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, कारखान्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणी विसंगत होईल असा फेरबदल गाडींत करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें कलम कडकपणें वाचलें आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी गाडीचीं चाकें मोजावयास येईल. भाड्याचे उतारू नेणाऱ्यानें तर हें दोनदां वाचावें. मुंबई-पुण्याचे हौशी लोक शनिवारीं गाड्या घेऊन येतात, माळावर दोन दिवस चिखल उडवितात आणि सोमवारीं आपापल्या कचेरींत जातात. त्यांच्या गाडींत आजारी बाई नसते. त्यांचें पाहून आपली गाडी सजवावी हें आमच्या मुलांस शोभत नाहीं. त्या चाकोऱ्या पुढच्या पावसांत ओहोळ होतात, हें पाहावयास मागें गांवकरीच राहतात.

आमच्या त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. तापाच्या बाईंना त्या दिवशीं मागून आलेल्या टेम्पोनें पोलादपुरास नेलें, आणि त्या बऱ्या झाल्या. त्यानें एका रविवारीं आमच्या घरीं येऊन वरचा सर्व हिशेब स्वतःच्या हातानें वहींत केला, ४.८३ हें उत्तर त्याचेंच. दोन्ही आंसांच्या दांत्यांचा खर्च विचारून आला तेव्हां तो बराच वेळ गप्प होता. जीपला आतां पुन्हां २८ इंचांचीं चाकें आहेत, ब्रेकांचे लायनर व तेल नवें आहे, आणि आंसांना रबरी नळ्या लावल्या आहेत. ते चार मोठे टायर त्याच्या पडवींत भिंतीला टेकून उभे आहेत, आणि त्यांतल्या एकांत कोंबडी अंड्यांवर बसली आहे. ते विकून टाक, असें आम्ही त्याला दोनदां सांगितलें. “बघूं सर, पिल्लें निघूं द्या,” असें तो म्हणतो.